तिसरी चूल

दर अमावस्येला रुख्मिणी घर बदलायची. घर बदलायची म्हणजे बारा पावलं चालायची. थोरल्या भावाच्या ओसरीवरून आपली वळकटी आणि पत्र्याची पेटी उचलायची, अंगणात नव्यानं घातलेल्या कुडाला वळसा घालायचा आणि धाकट्याच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. पुढच्या अमावस्येला तीच बारा पावलं उलटी.

दसऱ्याला उमाट्यांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी मोठ्या अकलेनं ही व्यवस्था लावून दिली होती. शेत, बैल, विहिरीवरची मोटार, अंगणातली संत्र्याची दोन झाडं, सगळं वाटून झाल्यावर कोणाला तरी आठवलं, की या घरात एक बहीणही आहे. अडतीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, डोक्याच्या दुखण्याची. मग कागदावर लिहिलं गेलं, 'रुख्मिणीबाईचे जेवण दोन्ही चुलींवर, अमावस्या ते अमावस्या, पाळीने.' अण्णाजींनी मरताना लेकीच्या चोळी-बांगडीसाठी म्हणून दीड एकराचा तुकडा तोंडी दिला होता, तो थोरल्यानं वाहावा असंही ठरलं. पंच चहा पिऊन समाधानानं घरी गेले. तिच्या औषधाचं कोणी काही लिहिलं नाही. औषध तेव्हा फुकट होतं आणि फुकट गोष्टीची वाटणी कोण करतो?

फुकट म्हणजे ज्वारीवर. खळी उरकली की सावळीखेड्यानं मिळून ज्वारी जमा करायची, मोठ्या दवाखान्याची गाडी येऊन ती घेऊन जायची, आणि वर्षभर गावातल्या कोणाचाही इलाज तिथे व्हायचा. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग पावणेरावळे, जावई, जावयाचे भाऊ असे सगळेच सावळीखेड्याचे होऊन दवाखान्यात जाऊ लागले, आणि चौऱ्याऐंशी साल उजाडताना नियम बदलला. आता चुलीमागे एक कार्ड. जो ज्या चुलीवर जेवतो त्याचं नाव त्या कार्डावर. कार्डामागे आठ पायल्या ज्वारी. जुन्या आजाराचं औषध कार्डवाल्याला अर्ध्या किमतीत, बाकीच्यांना पूर्ण. आणि कोणी लबाडी करू नये म्हणून सगळी नावं मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचायची. ज्याला जुना आजार आहे त्याच्या नावापुढे तेही वाचायचं.

मापाचा दिवस ठरला पौष अमावस्येचा. म्हणजे रुख्मिणीच्या बारा पावलांचा.

*

सकाळी हरिदास थोरल्या घराच्या दारात आला तेव्हा मनकर्णाबाई ओसरीवर वाणाच्या वाट्या पुसत बसली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं मुद्दाम लांबवलं होतं. शुक्रवारी समुद्रपूरहून तिच्या कोकिळाला पाहायला पाहुणे येणार होते. त्यांच्यातल्या बायांनाही वाण देता येईल, घरही भरलेलं दिसेल, असा तिचा हिशेब. मनकर्णाबाईचे हिशेब सहसा चुकत नसत.

हरिदास गावानंच नेमलेला आरोग्यसेवक. खांद्याला झोळी, हातात यादी. पायरीखालीच उभा राहिला.

"काकी, रुख्मिणीबाईचं नाव यादीत नाई."

"धाकट्याच्या कार्डावर असन."

"तिथूनच येऊन राह्यलो. प्रमिलावहिनी म्हणते, मोठ्या घरी असन."

मनकर्णाबाईनं वाटी पुसणं थांबवलं नाही. चार दिवसांपूर्वी हाच पोरगा नावं लिहायला आला होता, तेव्हा तिनं सांगितलं होतं, की रुख्मिणीची पाळी इथली संपत आली, आता ती तिकडची. त्याच दुपारी प्रमिलानं कुडापलीकडून सांगितलं होतं, की अमावस्येपर्यंत ती मोठ्या घरची. दोघी खरं बोलल्या होत्या. इतकं खरं बोलायची त्या घरात कोणाला सवय नव्हती.

"दुपारी चारपर्यंत माप आहे," हरिदास म्हणाला. "दवाखान्याची मंदाबाई गाडी घेऊन येते. त्याच्यानंतर वर्षभर नाव चढत नाई. तिच्या गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या, मले माहीत आहे. सुईची तारीख बी जवळ आली. मले वाटलं आधी सांगावं."

"बरं केलं," मनकर्णाबाई म्हणाली. "त्यायच्या कानावर घालतो."

तो गेल्यावर तिनं वाट्या परत टोपलीत रचल्या. पारावर काय वाचलं जाईल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. बबनराव अण्णाजी उमाटे, मनकर्णाबाई, कोकिळा, आणि मग रुख्मिणी, जुना आजार. समुद्रपूरच्या पाहुण्यांचा मामा रूपराव याच गावातला. तो दुपारी पारावर असणार, म्हणजे रात्रीपर्यंत समुद्रपूरला कळणार. कुजबूज गावाला नवी नव्हती, पण पारावर वाचलेलं रूपरावला झाकता येणार नव्हतं. कोकिळाला दोन स्थळं आधीच परत गेली होती. कारण कोणी सांगितलं नव्हतं आणि मनकर्णाबाईला कोणी सांगायची गरजही नव्हती. तिला नणंदेचा राग नव्हता, हे ती देवापुढे शपथेवर सांगू शकली असती. तिला फक्त ती यादीत नको होती.

*

बबनराव शेताच्या वाटेवरून परत बोलावले गेले, धाकटा प्रभाकर सायकल काढून सेलूच्या कापूस केंद्रावर निघाला होता तो थांबला. कुडाजवळ दोन बाजा टाकल्या. प्रमिलाबाई दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. ती भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नसे. बोलायची नवऱ्याशी आणि ऐकवायची भासऱ्याला.

बबनराव म्हणजे वाईट माणूस नव्हे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "आठ पायल्या तर दोघंयबी देऊनच राह्यलो. त्याच कार्डावर नाव चढवाचं. जास्तीचं काई लागत नाई. माह्या कार्डावर लिहा म्हणा."

"थांबा जी," मनकर्णाबाई म्हणाली. "शुक्रवारी पाव्हणे हाय. रूपराव पारावर बसन. मंग?"

बबनरावांनी तंबाखू तोंडात टाकली. ती टाकल्यावर त्यांना बोलता येत नसे, आणि हे त्यांना फार सोयीचं होतं.

प्रभाकरला आता आपल्याकडे सगळे पाहणार हे कळलं. रुख्मिणीला दवाखान्यात पहिल्यांदा त्यानंच नेलं होतं. त्याआधी सात वर्षं घरानं तिला तीन देवस्थानं, एक बाबा आणि निंबाचा पाला एवढं दाखवलं होतं. त्यानं तिला एसटीत बसवून नेलं, वाटेत ती खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक झाडाशी भांडत होती, आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं सांगितलं होतं, हे साखरेच्या आजारासारखं आहे, औषध चालू तोवर माणूस ठीक. दोन गोळ्या रोज, तीन आठवड्यांनी सुई. आणि गोळी कधी उपाशीपोटी द्यायची नाही. तो रुख्मिणीला आजही बाई म्हणत असे, लहानपणी म्हणायचा तसा. तो मनानं चांगला होता. पण चांगल्या मनाच्या मागे कोणीतरी उभं लागतं, आणि त्याच्या मागे प्रमिला उभी होती.

"माह्या कार्डावर लिहू," तो म्हणाला. "माह्या घरी पोरगी नाई, पाव्हणे नाई. काय फरक पडते?"

दारातून आवाज आला. "त्यायले सांगा, औषधाचे अर्धे पैसे ज्याचं कार्ड त्यानं दर महिन्याले भराचे. बारा महिने आपणच भराचे, अन् जेवण मात्र सहा महिने. पाळी जेवणाची हाय. औषधाची नाई."

"भरू ना. किती लागते?"

"अन् त्यायले हेबी सांगा," आवाज जरा खाली आला, "की मी सुरेशले नदीवरून उचलून आणलं हे मी अजून विसरली नाई."

सुरेश चाळीस दिवसांचा असताना रुख्मिणी त्याला पाळण्यातून घेऊन बोर नदीच्या काठी जाऊन बसली होती. अर्धा दिवस. पोराला काही झालं नाही. तिनं त्याला पदराखाली धरलं होतं आणि कोणाशी तरी बोलत होती. पण पोराची आई ते अर्ध्या दिवसाचं आयुष्य कुठे ठेवणार? प्रमिलाबाईची भीती खोटी नव्हती. म्हणून तर तिच्याशी वाद घालता येत नसे.

"ते औषधाआधीचं, प्रमिला," प्रभाकर म्हणाला.

"हो. म्हणूनच म्हणून राह्यली. औषध चालू ठेवाचं असन तर आमी ठेवतो. पण चोळी-बांगडीचा तुकडा बी मंग आमच्याकडं द्या म्हणा. ज्याच्याकडं बाई, त्याच्याकडं बाईचं वावर."

बबनरावांनी तंबाखू थुंकली. आता त्यांना लगेच बोलता आलं.

"पंचायनं लिहून देल्लं आहे. तो तुकडा माह्या वावराच्या मंधात आहे. त्याच्यातून दुसऱ्याची वखर फिरन का?"

"बह्यीण मंधात नाई, वावर मंधात आहे," प्रभाकर म्हणाला. एवढं कडू तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल.

"तुह्यी बायको वावरावर आली, मी नाई आलो. मी आधी म्हटलं का नाई, माह्या कार्डावर लिहा म्हणून?"

"मंग लिहा ना दादा."

बबनरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं कोकिळाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि त्यामागे कोकिळा उभी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात एक नवल घडलं. दसऱ्यापासून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा एका मतावर आल्या.

"मी म्हणतो," मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "तिले आता काय होते? तीन वर्षं झाले, चांगली आहे. सडा टाकते, कापूस येचते, ज्वारी निवडते. मायसारखी माया करते पोट्टीवर. बऱ्या माणसाले गोळ्या कायले?"

"जाऊबाई बरोबर म्हणते," दाराआडून आवाज आला. "इतकी औषधं बऱ्या माणसाले बाधतेच. हात कसे थरथरते तिचे."

"एक वर्ष पाहू. कोकिळाचं उरकू द्या. पुढच्या मापाले माह्याच कार्डावर लिहू. मी स्वतः लिहून घेईन."

प्रभाकरला माहीत होतं. एक्याऐंशी साली रुख्मिणीला स्वतःलाच वाटलं होतं की आपण बऱ्या झालो, आणि तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. चौथ्या महिन्यात ती घरातून निघून गेली. अकरा दिवसांनी सेलूच्या बसस्टँडवर सापडली. अंगावर दुसऱ्याच कोणाचं तरी लुगडं होतं. ते लुगडं कोणाचं, हे कोणी कधी विचारलं नाही. मनकर्णाबाईनंच ते चुलीत घातलं होतं. तिलाही माहीत होतं. दाराआडच्या बाईलाही माहीत होतं. म्हणजे त्या अंगणात न कळणारं कोणीच नव्हतं.

"दादा?" तो म्हणाला.

"वर्षभराचाच तर प्रश्न आहे," बबनराव म्हणाले.

प्रभाकरनं सायकल धरली. केंद्रावर गाड्यांची रांग असेल, उशीर झाला, असं काहीतरी म्हणाला. आपण घंटी का वाजवली, हे त्याला फाटकाबाहेर गेल्यावरही कळलं नाही. वाटेत कोणीच नव्हतं.

*

बैलांच्या कोठ्यात शेण भरता भरता रुख्मिणीनं सगळं ऐकलं. कूड मातीचा; बोलणं अडवायला तो घातलाच नव्हता.

तिला रडू आलं नाही. गोळ्यांनी रडू जरा लांब गेलं होतं, हे तिला आवडायचं नाही, पण आज बरं वाटलं. तिनं आधी मोजलं. आठ दिवसांच्या गोळ्या. मग सुई चुकेल. मग पहिल्यांदा झोप जाईल. मग चिमण्या बोलताना त्यात आपलं नाव यायला लागेल. सुरुवातीला ते आवाज गोडच बोलतात, हे ती कोणाला सांगू शकली नव्हती. आणि मग ते अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत काय झालं ते तिला आजही आठवत नव्हतं, फक्त आंघोळ करताना खांद्यावरचा एक वण दिसायचा. तिला मरणाची एवढी भीती नव्हती जेवढी त्या लुगड्याची होती.

हरिदासनं यादी लिहिताना नियम वाचून दाखवला होता. तो तिनं नीट ऐकला होता. घरातले सगळे आपापलं नाव ऐकत होते. एकट्या माणसाची चूल असली तर त्याचंही कार्ड होतं. मात्र चूल पेटलेली पाहूनच नाव लिहायचं, म्हणजे बाहेरगावचं कोणी येऊन खोटं सांगणार नाही.

आणि ज्वारी? ज्वारी होती. सोंगणी झाल्यावर रिकाम्या वावरातून पडलेली कणसं वेचायची, तो सरवा. सरवा ज्यानं वेचला त्याचा. मालकही त्यावर हात टाकत नाही, एवढी रीत गावात उरली होती. या वर्षी ती महिनाभर ऊन डोक्यावर येईपर्यंत दुसऱ्यांच्या वावरांत वाकून फिरली होती. मनकर्णाबाईला वाटे हिला चालायची हौस. कोठ्याच्या कोपऱ्यात मातीच्या रांजणात दहा-अकरा पायल्या जमल्या होत्या. त्या विकून कोकिळाच्या लग्नात पाणी भरायचा एक पितळी गुंड द्यायचा, वर तिचं नाव कोरून, असं तिनं ठरवलं होतं. या पोरीला तिनंच चालायला शिकवलं होतं, बरी असताना.

रांजणाचं झाकण काढून तिनं जेवणापुरती ज्वारी काढली. मग कोठ्यामागच्या मोकळ्या जागेत, कुडाच्या ना इकडच्या ना तिकडच्या, तिनं तीन दगड मांडले. जुन्या मडक्यात पाणी ठेवलं. तुराट्यांना काडी लावली. जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या टाकल्या, मीठ टाकलं. धूर सरळ वर गेला.

मनकर्णाबाई धूर पाहून आली. तिनं आधी दगडांकडे पाहिलं, मग मडक्याकडे.

"हे काय करून राह्यली, रुख्मा?"

"सैपाक."

"आज तुह्यं जेवण तिकडं. पाळी बदलली."

"माहीत आहे, वहिनी."

"दोन भाऊ जित्ते असून तू चूल मांडतं? लोकं आमच्या तोंडात शेण घालन." तिचा आवाज चढला नाही. "इझव ते. मी त्यायच्याशी बोलतो."

"काय बोलसान?"

मनकर्णाबाईनं जवळची पाण्याची बादली पाहिली. रुख्मिणीनंही पाहिली. रुख्मिणी उठली आणि चुलीपुढे येऊन उभी राहिली. बस्स. तिचे हात नेहमीसारखे थरथरत होते, पण ती हलली नाही.

"वहिनी, तुमी ते लुगडं जाळलं, मी पाह्यलं," ती म्हणाली. "तुमी तवा रडल्या होत्या. मी तेबी पाह्यलं."

मनकर्णाबाई मागे वळली आणि गेली. बादली तिथेच राहिली.

साडेतीनला हरिदास मंदाबाईला घेऊन आला. मंदाबाई शहरातली, पायात बूट, हातात कार्डांचा गठ्ठा. तिनं चूल पाहिली, मडक्यात डोकावलं, घरातल्या दोन्ही ओसऱ्यांकडे पाहिलं आणि बहुतेक सगळं समजली.

"इथेच जेवता ना तुम्ही?" तिनं विचारलं. "रोज?"

"आजपासून."

"भाऊ आहेत ना?"

"आहेत जी. त्यायच्या येगळ्या चुली आहेत."

मंदाबाईनं कार्ड लिहिलं. "औषधाची अर्धी किंमत तरी भरावी लागेल हो. महिन्याला चार दिवसांची मजुरी धरा. जमेल?"

"ताराचंदशेटच्या वावरात कापूस येचाले जाईन. मंग निंदणाले."

हरिदास जमिनीकडे पाहत होता. उमाट्यांची लेक दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणार, हे त्याला ऐकवलं नाही. आठ पायल्या मापताना त्यानं प्रत्येक पायली काठोकाठ न भरता हात जरा आखूडच ठेवला. रुख्मिणीनं त्याचा हात धरला आणि पायली शीग लावून भरली.

*

पारावर चाळीसेक माणसं होती. रूपराव पुढेच बसला होता, बबनराव एका बाजूला. हरिदास घराघरानं वाचत आला आणि उमाट्यांवर आला.

"उमाटे, घर एक. चूल पयली, बबनराव अण्णाजी, माणसं तीन. चूल दुसरी, प्रभाकर अण्णाजी, माणसं तीन." त्यानं खाकरून घसा मोकळा केला. "चूल तिसरी, रुख्मिणीबाई अण्णाजी. माणसं एक. जुना आजार."

सगळ्यांनी एकदम बबनरावांकडे पाहिलं आणि मग एकदम दुसरीकडे. रूपरावनं कानावरची विडी काढून ओठात धरली. बबनराव उठले. आजार ऐकवायचा नव्हता म्हणून जिला यादीबाहेर ठेवली, तिचा आजार तर वाचला गेलाच, वर घरानं तिला वाऱ्यावर सोडलं हेही वाचलं गेलं. घरी जाताना त्यांच्या मनात लाज होती, हे खरं. आणि त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, सहा महिन्यांची पाळी आता नाही, ही थोडी हलकी भावनाही होती. ती त्यांनी स्वतःलाही दाखवली नाही. पण ती होती, आणि मला ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिवस मावळतीला कोकिळा कोठ्यामागे आली. रुख्मिणी कण्या थाळीत काढत होती. पोरीच्या डोक्यावर वळकटी होती आणि कमरेवर पत्र्याची पेटी.

"आईनं पाठवलं," कोकिळा म्हणाली. "म्हणे तुह्यं सामान तुह्यापाशी असलेलं बरं. काकूच्या ओसरीवर जागा नाई."

"ठेव तिथं."

कोकिळानं ठेवलं, पण गेली नाही. एकोणीस वर्षांची पोरगी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिनं रांजणाकडे पाहिलं. तळाशी दोन-तीन पायल्या उरल्या होत्या. गुंडाचं तिला माहीत होतं. रुख्मिणीनंच लाडानं सांगितलं होतं.

"जेवतं का? गरम आहे."

"नको." मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "आत्या, शुक्रवारी पाव्हणे येईन. रूपराव मामांना बाबांनी समजावलं, ते काई बोलत नाई म्हणते. फक्त त्या दिवशी चूल पेटवू नको. एकच दिवस. ओसरीवरून धूर दिसते. कोणी इचारलं तर आमी काय सांगावं?"

रुख्मिणीनं थाळी खाली ठेवली. पेटी उघडून कागदाची पुडी काढली, तिच्यातून एक मोठी गोळी आणि एक बारीक पांढरी. दोन्ही तळहातावर घेऊन पोरीला दाखवल्या, जणू तिनं त्या आधी कधी पाहिल्याच नव्हत्या.

"हे उपाशीपोटी घेता येत नाई, कोकिळा."

"एकच दिवस, आत्या."

"तुह्या बापाचं एक वर्ष, तुह्या मायचं एक वर्ष, तुहा एक दिवस." तिचा आवाज मऊच होता, तिला या पोरीवर रागावता येत नव्हतं, हाच तिचा खरा आजार असावा. तिनं कण्यांचे चार घास खाल्ले, कोकिळाच्या समोर, सावकाश. मग गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली.

"पेटवीन," ती म्हणाली. "इचारलं कोणी, तर सांगजो. तिथं आमची आत्या राह्यते, अन् ती जेवून राह्यली."

कोकिळा कुडाला वळसा घालून गेली. जाताना तिनं आपल्या घराचं मागचं दार आतून लावून घेतलं. रुख्मिणीनं निखाऱ्यांवर राख ओढली, सकाळी पुन्हा काडी लागू नये म्हणून.